मोठ्या प्रदर्शनाला जाताय? मग पोतं घरीच ठेवा

मुंबईच्या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याजवळ अठरा किलो हळद होती. अर्ध्या किलोची छत्तीस पाकिटं, दोन थैल्यांत. डोक्यात हिशोब सरळ होता: महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या मेळाव्यात आपली पाकिटं हातोहात जातात, हे तर त्याहून मोठं, तीन दिवस माल पुरायचा नाही. दारावरच्या सिक्युरिटीच्या पोराने थैलीत डोकावून विचारलं, "मावशी, स्टॉल कोणता?" स्टॉल नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आत विकता नाही येणार." ती हळद दिवसभर खांद्याला लावून फिरले अन् संध्याकाळी तशीच्या तशी परत आणली. तशीच्या तशी म्हणणं खरं नाही. एक पाकीट फुटलं होतं. ते पुढे सांगते.

त्यानंतर मुंबईला आणखी एकदा अन् दिल्लीला एकदा जाऊन आले. आता समुद्रपूर तालुक्यातल्या दुसऱ्या बचत गटांतल्या बाया फोन करतात, "वं ताई, आम्हीबी जाऊन राहिलो, काय काय न्या लागते?" प्रत्येकीला तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते. आमचा गट बारा जणींचा, वायगाव हळद्याच्या पट्ट्यातला. वर्षाला बावीस क्विंटलच्या आसपास वाळलेली हळद निघते. तुमचं लोणचं असो, जवसाची चटणी असो की भिवापुरी तिखट, गोष्ट तीच लागू पडते.

आधी एक समजून घ्या. सरस म्हणजे जत्रा. तिथे गिऱ्हाईक येतं, चाखतं, पाव किलो घेतं, पैसे देऊन जातं. व्यापारी प्रदर्शन म्हणजे बाजार समितीचं आवार, फक्त एसी लावलेलं. तिथे फिरणारा माणूस स्वतःच्या घरासाठी काही घेत नाही. तो हॉटेलचा खरेदीवाला असतो, मसाला कंपनीचा असतो, दुबईला माल पाठवणारा असतो. त्याला पाकीट नको, भाव हवा. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: पहिल्या वर्षी विकायला जाऊ नका, बघायला जा. स्टॉलचे पैसे भरू नका, कर्ज तर काढूच नका. दोघी जा, पाहा, विचारा, परत या. स्टॉल पुढच्या वर्षी घेता येतो, अन् तोही जमलं तर उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान) किंवा एखाद्या सरकारी दालनातून, म्हणजे भाड्याचा भार एकट्या गटावर येत नाही.

कुठे जायचं? दिल्लीत आहार नावाचं प्रदर्शन मार्चमध्ये भरतं, प्रगती मैदानावर, जिथे आता भारत मंडपम उभं आहे. खाणंपिणं अन् हॉटेलला लागणारं सगळं सामान, भट्टीपासून चमच्यापर्यंत, एका जागी असतं. दिल्लीतच केंद्राच्या अन्नप्रक्रिया मंत्रालयाचं वर्ल्ड फूड इंडिया होतं, ते २०१७ साली सुरू झालं. मुंबईला गोरेगावच्या नेस्को मैदानावर अनुगा सिलेक्ट इंडिया असतं, आधी त्याचं नाव ॲन्युफूड होतं. वाइन अन् दारूचं वेगळं प्रदर्शन पाहायचं असेल तर मुंबईत प्रोवाइन भरतं. सरावासाठी आपल्या नागपूरचं ॲग्रोव्हिजन चांगलं. ते शेतीचं आहे, पण अनोळखी माणसासमोर उभं राहून आपल्या मालाबद्दल चार वाक्यं बोलायची सवय तिथे लागते. ती सवय नसेल तर दिल्लीचं तिकीट वाया जातं.

आता आपली खरी अडचण. आहार मार्चमध्ये, अन् आपली हळद उकडायला येते तीही फेब्रुवारी-मार्चमध्येच. जूनमध्ये लावलेली हळद काढून कढईवर चढलेली असते, अन् तेव्हाच दिल्ली! आमच्या गटात यावरून भांडण झालं. शेवटी ठरलं की दोघी जातील, दहा जणी उकडतील, अन् जाणाऱ्या दोघींनी परत आल्यावर वाळवणीचे चार दिवस जास्त द्यायचे. तुम्हीही हे आधीच ठरवून, गटाच्या वहीत लिहून ठेवा. नाही तं परत आल्यावर "तुम्ही तं दिल्ली फिरून आल्या" हे वर्षभर ऐकावं लागते.

नाव नोंदवायचं काम घरूनच मोबाइलवर करा. नोंदणीत धंद्याचं नाव मागतात, तिथे स्वतःचं नाव नका टाकू, गटाचं टाका. गळ्यातल्या बिल्ल्यावर तेच छापून येते, अन् समोरचा माणूस चेहऱ्याच्या आधी बिल्ला वाचतो. लेकराला सोबत घेऊन जाण्याचा विचार असेल तर नियम वाचून घ्या, अशा प्रदर्शनांत बहुतेक लहान मुलांना सोडत नाहीत.

सोबत काय न्यायचं, तर हळद न्यायचीच, पण नमुना म्हणून. पन्नास ग्रॅमच्या पंधरा-वीस पुड्या पुरतात. पुडी आतलं दिसणारी नको, उजेडाने हळदीचा रंग उडतो. पुडीवर गाव, काढणीचा महिना, लॉट नंबर, फोन अन् एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर. पावडरीसोबत अख्खं हळकुंड न्याच. हे मला आमच्या मामाजींनी सांगितलं होतं अन् मी ऐकलं नव्हतं. जाणता व्यापारी पावडरीकडे पाहतसुद्धा नाही, पावडरीत काय कालवलं कोणाला माहीत. तो हळकुंड मागतो, कानाजवळ नेऊन मोडतो. चांगलं वाळलेलं असेल तर टणकन आवाज येतो, ओलं असेल तर नुसतं वाकतं. मग मोडलेल्या जागेचा रंग पाहतो. एवढ्यात त्याचं अर्धं ठरलेलं असतं.

उरलेलं अर्धं कागदावर ठरतं. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट जवळ ठेवा. हळदीत कुरकुमीन (तिला पिवळा रंग देणारा घटक) किती, ओलावा किती, अन् शिसं किती, हे तीन आकडे तोंडपाठ पाहिजेत. रंग चढावा म्हणून काही लोक हळदीत लेड क्रोमेट मिसळतात, म्हणून बाहेरदेशी माल पाठवणारा शिशाचंच आधी विचारतो. त्यात रागावण्यासारखं काही नाही. मी पहिल्यांदा रागावले होते. "आमच्यात भेसळ नसते" असं जरा जोरातच म्हटलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "सब यही बोलते हैं, दीदी." खरं होतं त्याचं.

व्हिजिटिंग कार्ड हिंगणघाटला छापून घेतलेलं बरं, शंभर तरी. मागची बाजू कोरी ठेवायला सांगा, कारण तिथे समोरचा माणूस पेनाने काहीतरी लिहितो. जे कार्ड गुळगुळीत अन् चकचकीत, त्यावर पेन चालत नाही.

मुंबईला जाताना वर्ध्याहून रात्रीची गाडी धरा, सकाळी दादरला उतरा, पुलावरून पश्चिम रेल्वेकडे जा अन् गोरेगावची लोकल घ्या. ऑफिसच्या वेळेत थैल्या घेऊन चढणं आपल्याला जमत नाही, एखादी गाडी सोडून दिली तर लाज नाही. दिल्लीला नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रोची पिवळी लाइन धरून पुढचंच स्टेशन राजीव चौक. तिथे निळ्या लाइनवर बदला, तिसरं स्टेशन सुप्रीम कोर्ट. आधी त्याचं नाव प्रगती मैदान होतं, जुनी माणसं अजून तेच सांगतात, म्हणून घोळ होतो. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या अन् फल्लीची चटणी. आतलं जेवण महाग असतं, अन् नमुने चाखून पोट भरायचं म्हणाल तर अकरा वाजेपर्यंत जीभ मरते. चीज, मग लोणचं, मग चॉकलेट, मग सॉस, मग कोणीतरी हातात कसलंसं सरबत देतं. दुपारी चांगली वस्तू समोर आली तर चवच कळत नाही. मी आता दिवसाला दहाच गोष्टी चाखते, मध्ये साधं पाणी पिते. पायात जुन्या, सवयीच्या चपला घाला. नव्या चपला घालून गेलेली माझी सोबतीण दुसऱ्या दिवशी अनवाणी बसून राहिली.

सोबत गडीमाणूस येणार असेल तर त्याला खर्रा (सुपारी-तंबाखू) घरी ठेवायला सांगा. दारावर झडती होते ती होतेच, पण खर्रा खाल्लेल्या तोंडाला हळद काय अन् मीठ काय.

आत गेल्यावर सगळं पाहायचा मोह होतो. हॉल इतके असतात की सगळे पाहतो म्हटलं तर एकाही माणसाशी धड बोलणं होत नाही. आदल्या रात्री यादी काढा. सकाळी पाच जण, दुपारी पाच जण, बस. पहिला दिवस अन् शेवटचा दिवस यांत पहिला चांगला. शेवटच्या दुपारी स्टॉलवाले खोके बांधत असतात, त्यांना घरची गाडी दिसू लागलेली असते. सकाळी दार उघडल्यापासूनचा तासभर सोन्यासारखा. तेव्हा स्टॉलवरचा मोठा माणूस स्वतः उभा असतो, दुपारनंतर तिथे पत्रक वाटणारी पोरं राहतात.

आता वाइनचा हॉल. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, १९७४ पासून. सेवाग्राम आपल्याकडे. त्या हॉलच्या दारात मी थबकले, मनात आलं, घरी कळलं तर मामाजी काय म्हणतील. पण हॉटेलांचे खरेदीवाले अन् मोठे आचारी दुपारनंतर तिथेच जमतात असं एका स्टॉलवाल्या काकांनी सांगितलं होतं. ते खरं निघालं. म्हणून सांगते, लाजू नका, आत जा. प्यावीच लागते असं काही नाही. मी नुसता वास घेतला, कोणी काही बोललं नाही.

तिथली रीत अशी. ग्लासात घोटभरच ओततात. ग्लास खालच्या दांडीला धरायचा, वाटीला हात लावला की वाइन गरम होते. पांढऱ्या कापडावर ग्लास तिरपा धरून रंग पाहतात, मग फिरवून वास घेतात, मग तोंडात घोळवतात अन् थुंकतात. हो, थुंकतात. भल्या घरची, कोट घातलेली माणसं. त्यासाठी बादलीसारखं भांडं ठेवलेलं असतं. दिवसाला पन्नास-साठ वाइन तपासायच्या तर गिळून कसं भागेल! आमच्या गावच्या पारावरची माणसं आठवून मला हसू आलं. फरक एवढाच की तिथे थुंकायची जागा ठरलेली असते अन् सगळे तिच्यातच थुंकतात. त्या हॉलमध्ये जाताना अत्तर लावू नका, गजराही नको. दुसऱ्याचा वास मध्ये आला की त्यांचं सगळं गणित बिघडते.

अन् आता ते फुटलेलं पाकीट. नाशिककडच्या एका स्टॉलवर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं. मी टेकून उभी राहिले अन् हात कापडावर ठेवला. हाताला थैलीत सांडलेली हळद. पाची बोटं उमटली, लग्नघरातल्या भिंतीवर उमटवतात तशी. स्टॉलवरची पोरगी घाबरून साबणाचं पाणी घेऊन धावली. मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत तिने घासलंसुद्धा, अन् पिवळी बोटं लाल झाली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याला कुंकवामुळे माहीत, तिला कुठून असणार. तिला वाटलं वाइन सांडली! मग मी सांगितलं, नुसत्या पाण्याने धुवा अन् दोन दिवस कडक उन्हात टाका, डाग आपोआप उडतो. तिचे मालक मागून ऐकत होते. हसले, खुर्ची दिली अन् विचारलं, "कुठली हळद?"

मी म्हटलं, "वर्ध्याची, साहेब. चांगली आहे. स्वस्त लावू."

ते म्हणाले, "ताई, स्वस्त हा शब्द शेवटी बोला." मग स्वतःची बाटली हातात घेऊन सांगू लागले. हे चेनिन ब्लांक जातीचं द्राक्ष. बाग उताराची, पाणी थांबत नाही. छाटणी दसऱ्याच्या सुमाराला, तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत, तीही पहाटेच्या थंडीत, कारण ऊन चढलं की वास जातो. पाच मिनिटं बोलले अन् भावाचं नावही नाही. नाशिक व्हॅली वाइन या नावाला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तसंच आपल्या वायगाव हळदीलाही आहे, हे त्यांना माहीत होतं, अन् मी ते कार्डावर छापलंही नव्हतं! ते मानांकन गावाला मिळालेलं असलं तरी त्याचं चिन्ह पाकिटावर लावायला गटाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, हे मला तिथे कळलं. ज्या हॉलमध्ये जायला लाजत होते त्या हॉलमध्ये.

त्या दिवसापासून मी अशी बोलते: "समुद्रपूर तालुक्यातली, काळ्या जमिनीतली वायगाव हळद. जूनमध्ये लावली, फेब्रुवारीत काढली, गावातच उकडली, बारा जणींनी. पाच क्विंटल ओली हळद उकडून वाळवली की एक क्विंटल हाती येते. हा लॉट, हा रिपोर्ट." एवढं बोलून हळकुंड त्याच्या हातात द्यायचं अन् गप्प बसायचं. गप्प बसणं सर्वांत कठीण. भाव तो विचारतो तेव्हा सांगायचा. हिंदीत बोललं तरी चालते, इंग्रजीचं ओझं घेऊ नका.

त्या मालकांनी निघताना एक बाटली भेट म्हणून पुढे केली. मी हात जोडले. परवान्याशिवाय बाटली घेऊन वर्ध्यात उतरणं म्हणजे स्वतःहून गुन्हा ओढवून घेणं. तुम्हालाही कोणी दिली तर नका घेऊ, कारण सांगितलं की कोणी वाईट मानत नाही, उलट दारूबंदीच्या जिल्ह्यातून आलोय म्हटल्यावर गप्पा वाढतात.

भाव सांगताना मात्र सांभाळून. खरेदीवाला विचारतो, भाव गोडाऊनचा की पोच? म्हणजे ट्रकचं भाडं तुमचं की त्याचं. उधारी किती दिवस? कमीत कमी किती माल देणार? वर्षभर एकसारखा देणार का? एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा ठरलेला आकडा) काय? मसाल्यांतल्या हळदीचा कोड ०९१० ने सुरू होतो, पूर्ण आकडा कार्डाच्या मागे लिहून ठेवा. माल बाहेरदेशी पाठवता का, आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी नंबर) आहे का? नसेल तर नाही म्हणा. उधारीबद्दल एक माहीत असू द्या: गटाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार करूनही ४५ दिवसांच्या पलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. हे भांडायच्या सुरात नका सांगू, पण बोलण्यात येऊ द्या.

अन् प्रमाणाला कधीही लगेच हो म्हणू नका. हे मी सोसून सांगते. दुसऱ्या वर्षी एक जण म्हणाला, "महिन्याला दोन टन जमेल?" मी आनंदाने हो म्हटलं. दोन टन ऐकायला लहान वाटते. घरी आल्यावर मामाजींनी बोटांवर मोजलं, "बारा महिने दुणे चोवीस टन. म्हणजे दोनशे चाळीस क्विंटल. तुमची किती? बावीस. काऊन वं, बाकीची का आभाळातून पाडतं?" त्या माणसाला फोन करून नाही म्हणताना जीभ जड झाली. तेव्हापासून मी उलटं करते. आधीच सांगते की आमची एवढीच आहे, पंचवीस किलोच्या गोणीपासून पुढे देऊ. मोठा व्यापारी निघून जातो, पण पुण्याची एक मसाल्याची छोटी दुकानवाली बाई थांबली, तिला तेवढंच हवं होतं.

मशिनांच्या हॉलमध्ये एक चक्कर माराच. उकडायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, कांडपाची यंत्रं, पाकीट भरायची यंत्रं चालू दाखवतात. घ्यायची घाई नको. नाव, क्षमता, लागणारी वीज लिहून आणा. आपल्याकडची वीज कोणती अन् किती तास, हे त्यांना आधीच सांगा, नाही तर थ्री फेजचं यंत्र गळ्यात पडते. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० पासून आहे, तिच्यात यंत्रासाठी ३५ टक्के अनुदान मिळते, जास्तीत जास्त १० लाख. त्यासाठी कोटेशन लागते, ते तिथेच मागून घ्या.

प्रत्येक भेटीनंतर लगेच, स्टॉलपासून चार पावलांवर उभं राहून, त्या कार्डामागे लिहा: काय मागितलं, काय कबूल केलं, माणूस कसा दिसत होता. "निळा शर्ट, हळकुंड मोडलं, रिपोर्ट मागितला." शेवटच्या संध्याकाळी चाळीस कार्डं हातात असतात अन् सगळे चेहरे एकच वाटतात. परतीच्या गाडीत, अंगात जोर असेल तोवर, तीन गठ्ठे करा: रिपोर्ट पाठवायचे, नमुना पाठवायचे, नुसती ओळख.

घरी आलं की लोक म्हणतात, दोन दिवस आराम करा. आराम करा, पण चौथ्या दिवसाच्या आत निरोप गेला पाहिजे. मोठं पत्र नको. "आपण अमक्या हॉलमध्ये भेटलो, तुम्ही शिशाचा रिपोर्ट मागितला होता, तो पाठवते आहे." नमुन्याची पुडी पोस्टाने पाठवली तर पावतीचा फोटोही पाठवा. चाळीसपैकी सहा-सात जण उत्तर देतात, त्यातले दोघे कामाचे निघतात. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना रोज रोज सुप्रभात पाठवू नका, तुमचा नंबर बंद करून टाकतात. त्यांना मी पुढच्या हंगामात एकदाच निरोप करते, कढई उतरवतानाचा फोटो जोडून. आंगणभर वाफ असते, तिच्यात आमच्यापैकी कोणाचंच तोंड धड दिसत नाही. पुण्याच्या त्या बाईने पहिल्या तीन निरोपांना उत्तर दिलं नव्हतं. या फोटोखाली तिने लिहिलं, "यातली पंचवीस किलो माझ्यासाठी बाजूला ठेवा."